गवत काढून केलेला जीर्णोद्धार : पाइनहर्स्टचे जुने गोल्फ मैदान आणि आपला माळ

मोजणीदार (जुळे सोलापूर)

नमस्कार. माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. सुरुवात शंकू-साखळी आणि प्लेन टेबलने झाली, शेवटची काही वर्षे उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्रावर गेली, आणि या सगळ्या काळात लोकांनी मला एकच प्रश्न हजार वेळा विचारला : हद्द मुळात कुठे होती? गोल्फ मी कधी खेळलेलो नाही आणि या वयात खेळेन असेही नाही. तरी हा धागा एका गोल्फ मैदानाविषयी काढतो आहे, कारण तिथे माझाच प्रश्न दुसऱ्या लोकांनी, निराळ्या कामासाठी, फार चिकाटीने सोडवलेला मला दिसला.

गेल्या ऑक्टोबरात मी अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात भाचीकडे होतो. तिच्या घरापासून दोन तासांवर पाइनहर्स्ट नावाचे गाव आहे. पाइनचे जंगल तोडून उजाड झालेली तिथली पाच हजारांहून अधिक एकर रेताड जमीन १८९५ साली जेम्स टफ्ट्स या उद्योजकाने विकत घेतली आणि हे गाव वसवले. स्कॉटलंडमधील डॉर्नोक गावी १८७२ साली जन्मलेला आणि सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस या नामवंत खेळाडू आणि मैदाने आखणाऱ्या गुरूच्या हाताखाली शिकलेला डोनाल्ड रॉस १९०० साली तिथे नोकरीला आला. त्याने आखलेले 'क्रमांक २' हे मैदान १९०७ मध्ये खेळासाठी खुले झाले. पुढे रॉसने अमेरिकेत सुमारे चारशे मैदाने आखली, पण घर त्याने याच मैदानाच्या तिसऱ्या होलला (खेळाच्या तिसऱ्या टप्प्याला) लागून बांधले आणि १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्यात लहानमोठे फेरफार करत राहिला.

रॉसच्या मैदानाचे वैशिष्ट्य थोडक्यात सांगतो. चेंडू ज्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातून पुढे न्यायचा तो फेअरवे त्याने ऐसपैस रुंद ठेवला होता. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लावलेले गवत नव्हतेच, होती ती तिथली मूळची वाळू, वाळलेल्या पाइनच्या सुयांचा थर आणि अधूनमधून वायरग्रास नावाच्या तारेसारख्या गवताचे ठोंब. चेंडू तिकडे गेला तर पुढे काय वाढून ठेवले आहे हे कोणालाच सांगता येत नसे. एखाद्याला मोकळी वाळू मिळे, एखाद्याचा चेंडू ठोंबाच्या बुडाशी जाऊन बसे. खेळाडूला जागा भरपूर होती, मात्र ती कशी वापरायची याचा विचार त्याला करावा लागत होता.

रॉस गेल्यानंतर या मैदानाची कोणी नासधूस केली नाही. उलट जो तो ते अधिक चांगले करायला निघाला होता. सिंचनाचे फवारे वाढत गेले, वाळूच्या जागी हिरवे गवत लावले गेले, मोठ्या स्पर्धांसाठी फेअरवे अरुंद करून बाजूचे गवत जाडजूड वाढवले गेले, आणि काही दशकांनी ते मैदान अमेरिकेतल्या इतर शेकडो हिरव्यागार मैदानांसारखे दिसू लागले. बाहेरच्या माणसाला यात काही बिघडले आहे असे वाटलेही नसते.

२०१० साली बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या मैदान आखणाऱ्या वास्तुकारांच्या जोडीकडे ते पूर्ववत करण्याचे काम आले आणि वर्षभरात त्यांनी ते पार पाडले. त्यांनी सुमारे ३५ एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने १,४०० गुंठे, लावलेले गवत खरवडून काढले. फवाऱ्यांची तोंडे सुमारे १,१५० होती, ती ४५० च्या आसपास आणली. वायरग्रासची रोपे हजारोंच्या संख्येने हाताने लावली. फेअरवे काही ठिकाणी दीडपट रुंद केले. पूर्वी मैदानावर निरनिराळ्या उंचीचे गवत राखले जाई, आता ग्रीनची (म्हणजे झेंडा आणि खड्डा असलेल्या, अगदी बारीक कापलेल्या गवताच्या जागेची) एक उंची आणि बाकी सगळ्याची एक, असा सुटसुटीत हिशेब झाला.

माझे कुतूहल चाळवले ते पुढच्या गोष्टीने. जुना फेअरवे नेमका कुठून कुठपर्यंत होता, हे त्यांना कसे कळले? एक आधार होता १९४३ च्या नाताळच्या दिवशी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा. त्यांत वाळू पांढरी आणि गवत गडद, अशी हद्द स्पष्ट उमटली आहे. दुसरा आधार जमिनीखाली होता. रॉसच्या काळी पाण्याची एकच नळवाहिनी फेअरवेच्या मधोमध टाकलेली होती आणि ती जागेवरच सापडली. मधली रेषा मिळाली, फवारा दोन्ही अंगांना किती लांब पोचत असे हे ठाऊक होते, म्हणजे पाणी जिथवर पोचे तिथवर गवत आणि त्यापुढे वाळू. आमच्या कामात हद्दीचा दगड हरवला की शेजारचा उभा दगड शोधायचा, टिपणातले अंतर घ्यायचे आणि साखळी टाकायची. इथे तो दगड म्हणजे गंजलेला नळ होता, एवढाच काय तो फरक.

गावातल्या वाचनालयातच टफ्ट्स संग्रह आहे आणि रॉसची रेखाटने तिथे जपून ठेवली आहेत. एकेका ग्रीनचा आराखडा आणि शेजारी हाताने लिहिलेल्या सूचना. ते पाहताना मला आमच्या कचेरीतली कापडावर चिकटवलेली जुनी टिपणे आठवली, ज्यांच्या घड्या उलगडताना श्वास रोखून धरावा लागे.

इथल्या जाणकारांनी, विशेषतः वास्तुसंवर्धन आणि गवताळ रानांविषयी ज्यांना माहिती आहे त्यांनी, यावर लिहावे ही विनंती.

सातरस्ता

काका, माहिती चांगली आहे, पण मला एक गोष्ट खटकते. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि ते आले की लोक कामावर जायचे थांबून पिंपे भरतात, त्या शहरात बसून गोल्फच्या मैदानाच्या वारशाविषयी हळहळण्याचे मला तरी कारण दिसत नाही. हा खेळ मूठभरांचा आहे. आपल्याकडे तो साहेबाबरोबर आला : कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. नाशिकला 'गोल्फ क्लब मैदान' हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहे, पण आता तिथे लोक सकाळी फिरायला जातात आणि सभा भरतात, शिवाय मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले आहे. माझ्या मते तो त्या जागेचा अधिक चांगला उपयोग आहे. ज्याला आपण वारसा म्हणतो, तो कोणाचा आणि कोणाच्या पाण्यावर पोसलेला, हे आधी विचारायला नको का?

मोजणीदार (जुळे सोलापूर)

सातरस्ता, नाशिकच्या मैदानाविषयी तुमच्याशी मी सहमत आहे. तिथे कोणी पुन्हा झेंडे रोवावेत असे मी म्हणणार नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र हे उदाहरण तुमच्याच बाजूचे आहे. पाइनहर्स्टला जुने रूप परत आणताना जी गोष्ट सर्वांत आधी गेली ती पाणी. मूळच्या आराखड्यात पाण्याची चैन नव्हती, ती मागाहून आली. जीर्णोद्धारानंतर पाण्याचा वापर पूर्वीच्या निम्म्याहून खाली उतरला. २०१४ साली तिथे पुरुषांची आणि लगेच पुढच्या आठवड्यात स्त्रियांची अमेरिकन ओपन स्पर्धा झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर तपकिरी, करपलेल्या कडांचे मैदान पाहून पुष्कळ प्रेक्षकांना वाटले की देखभाल कमी पडली. खरे तर तो तपकिरी रंग मिळवण्यासाठीच एवढा खटाटोप केलेला होता.

कुसळी

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन वर्षातून दोन-तीनदा नान्नजच्या माळावर जाते, म्हणून दोन मुद्दे मांडते.

मोजणीदार काकांनी 'लावलेले हिरवे गवत' असे म्हटले आहे, त्याचे नाव वाचकांना गंमतीचे वाटेल. अमेरिकेत ज्याला बर्मुडा गवत म्हणतात ते सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजेच आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. मैदानांवर तिच्या निवडक आणि संकरित जाती लावतात, पण कूळ तेच. आपल्या शेतकऱ्याला हरळी काय चीज आहे हे सांगायला नको. काळ्या रानात ती एकदा शिरली की कुदळीने हातभर खोल खणून कांड्या वेचाव्या लागतात, आणि एक कांडी राहिली तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. ३५ एकरांतून हरळी काढणे म्हणजे काय, हे आपल्याकडचा शेतकरी त्या अमेरिकन वास्तुकारांना सहज समजावून सांगू शकला असता.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. वायरग्रास हे अ‍ॅरिस्टिडा या प्रजातीतले गवत आहे, आणि त्याच प्रजातीतली दुसरी गवते आपल्या दख्खनच्या माळावर, मुरमाड आणि उथळ जमिनीत, पवन्या, मारवेल आणि कुसळी यांच्याबरोबर उगवतात. जगाच्या दोन टोकांना, कमी कस असलेल्या जमिनीवर, एकाच प्रजातीच्या गवतांनी आपापला संसार मांडलेला आहे. पाइनहर्स्टला त्या गवताला 'मूळ आराखड्याचा भाग' म्हणून प्रतिष्ठा मिळाली आणि ते रोपवाटिकेत वाढवून परत लावले गेले. आपल्याकडे तेच गवत ज्या जमिनीवर उभे असते तिला कागदोपत्री 'पडीक' म्हणतात. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे आहे, पण माळ उघडा दिसला की तिथे झाडे लावावीत, ही आपल्या सर्वांची हौस काही कमी झालेली नाही. माळढोक हा उघड्या रानाचा पक्षी आहे. त्याला दूरवर नजर पोचावी लागते, आणि गिरिपुष्पाची दाट रांग त्याच्या लेखी भिंतच असते. एवढे असूनही 'झाड तोडा' हे शब्द वर्गात उच्चारताना माझी मला चोरी झाल्यासारखी वाटते.

मोजणीदार (जुळे सोलापूर)

ताई, हरळीचा उलगडा वाचून हसू आले. वडिलांनी बांधावर वेचून टाकलेल्या हरळीचे ढीग डोळ्यांपुढे उभे राहिले. यात आणखी एक गंमत आहे : २०१४ च्या स्पर्धा संपल्यावर त्याच मैदानाच्या ग्रीनवर पूर्वीचे थंड हवेतले गवत काढून उष्णतेत टिकणारी बुटकी हरळी लावण्यात आली. बाजूची हरळी काढली आणि मधोमध आणून बसवली.

झाडे तोडण्याच्या संकोचावरून ओकमाँटची हकीकत सांगण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनियातील हे मैदान हेन्री फाउन्स याने १९०३ मध्ये आखले, ते उघड्या माळासारखे. पुढच्या पिढ्यांनी सुशोभीकरण म्हणून त्यावर हजारो झाडे लावली. १९९० च्या दशकात ती काढायचे ठरले, तेव्हा सदस्यांचा रोष टाळण्यासाठी कामगार पहाटेच्या अंधारात येत, झाड तोडत, खोड जमिनीसरसे करून भुसा उचलत आणि वर गवताची चादर पसरून उजाडायच्या आत निघून जात. बरेच दिवस सदस्यांना काही कळलेच नाही. कळले तेव्हा क्लबात मोठी फूट पडली. आज मात्र तिथल्या इमारतीच्या व्हरांड्यात उभे राहिले की मैदानातले जवळजवळ सगळे झेंडे दिसतात, आणि तीच आता त्या मैदानाची ओळख आहे. ही युक्ती आपल्याकडे कोणी करावी असे मी सुचवत नाही, कारण लोकांना अंधारात ठेवून केलेल्या चांगल्या कामाचाही पुढे संशयच येतो.

माढेकर हवालदार

मी फौजेतून निवृत्त आहे. गोल्फ मी साहेब लोकांच्या मागे पिशवी घेऊन चालताना पाहिला आणि पुढे सुट्टीच्या दिवशी थोडाफार खेळलोही. इथे 'ग्रीन' हा शब्द वारंवार आला आहे, म्हणून लिहितो की उत्तरेकडील ज्या छावणीत मी होतो, तिथे ग्रीन नव्हतेच, 'ब्राउन' होते. कोरड्या मुलखात एवढे बारीक गवत जगवायला पाणी नाही, म्हणून वीस-पंचवीस पावलांचा गोल सपाट करून त्यावर चाळलेली वाळू पसरत आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून गाड्यांच्या इंजिनातले जळके तेल त्यात कालवत. हात लावला की बोटे काळी होत. एक गडी खेळून पुढे गेला की त्याच्या बुटांचे ठसे मोडण्यासाठी आम्ही दोरीला बांधलेले गोणपाट मधल्या खड्ड्यापासून सुरुवात करून गोल-गोल ओढत बाहेर यायचो. शेवटच्या फेरीला आपलेच पाय वाळूत उमटू नयेत म्हणून उलटे चालावे लागे. त्या काळ्या गोलावर चेंडू सरळ जायचा, कुठे वळायचा नाही, आणि साहेबांना तेच फार रुचत नसे.

ही पद्धत गरिबाची समजली जाते. पाइनहर्स्टला मुळात काय होते, हे कोणी सांगू शकेल का?

मोजणीदार (जुळे सोलापूर)

हवालदार साहेब, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. पाइनहर्स्टच्या क्रमांक २ वरही १९३५ पर्यंत वाळूचेच ग्रीन होते. तिथल्या उन्हाळ्यात टिकणारे बारीक गवत तोवर जमले नव्हते. ते जमल्यावर रॉसने १९३५ मध्ये सगळ्या ग्रीनवर गवत आणले, त्यांना चढउतार दिले, आणि १९३६ ची पीजीए ही व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा त्या नव्या ग्रीनवर झाली. आज जगभरातले लोक ज्या ग्रीनसाठी तिथे जातात, ते मैदान सुरू झाल्यानंतर २८ वर्षांनी आलेले आहेत. तुमच्या गोणपाटाचे चुलत भावंड तिथेही कोणीतरी ओढत असणारच.

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. हवालदार साहेबांच्या प्रश्नाने आणि काकांच्या उत्तराने चर्चा जिथे यायला हवी होती तिथे आली आहे : मूळ म्हणजे कोणत्या वर्षीचे?

पाइनहर्स्टला १९०७ चे रूप आणायचे ठरवले असते, तर गवताचे ग्रीन उखडून वाळू पसरावी लागली असती. तसे कोणी केले नाही. त्यांनी रॉसच्या अखेरच्या वर्षांतले, १९३५ नंतरचे रूप प्रमाण मानले. कारण एक तर ते त्याच्या हातचे सर्वांत पक्व काम होते आणि दुसरे असे, की १९४३ चा पुरावा हाताशी होता. या दुसऱ्या कारणाकडे मला लक्ष वेधायचे आहे. ज्या वर्षाचा फोटो मिळतो, ते वर्ष पुष्कळदा आपोआप 'मूळ' ठरते. आमच्या कामात हा मोह रोजचा आहे.

तिथल्या ग्रीनचा आकार पालथ्या परातीसारखा आहे, म्हणजे मध्यभागी फुगीर आणि कडांना उतरता, त्यामुळे थोडा चुकलेला चेंडू घरंगळून खाली जातो. हा फुगीरपणा पुरता रॉसचाच, की अनेक दशके दरवर्षी वरून वाळूचा हात दिल्यामुळे ग्रीन हळूहळू उंचावत गेले, हा जाणकारांमधला जुना वाद आहे. दुसरा पक्ष खरा धरला, तर त्या मैदानाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ही आराखड्याची नसून देखभालीची देणगी ठरते. कूर आणि क्रेनशॉ यांनी त्या ग्रीनना जवळजवळ हात लावला नाही, आणि मला त्यांचा हा निर्णय संपूर्ण कामातला सर्वांत शहाणा वाटतो. कडेची चूक दुरुस्त करताना मधला योगायोग त्यांनी राहू दिला.

आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात उत्खननातून निघालेले मंदिराचे अवशेष आहेत. बहामनी काळापासून पुढे अनेक राजवटींनी तटबंदीत आपापली भर घातली. तिथे 'मूळ रूप' आणायचे म्हटले, तर कोणाचे? एकाचे मूळ उघडे करायचे तर दुसऱ्याचा बुरूज हलवावा लागेल. म्हणून तिथे आहे ते सांभाळणे एवढेच काम उरते. गोल्फच्या मैदानाचे बरे आहे, कारण तिथे एक आखणारा आहे, त्याचे कागद आहेत आणि त्याच्या मृत्यूची तारीख आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण लिडोचे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चार्ल्स मॅकडोनाल्डने पहिल्या महायुद्धाच्या काळात समुद्रकाठची दलदल भरून बांधलेले हे मैदान दुसऱ्या महायुद्धात नाहीसे झाले. जुनी छायाचित्रे जुळवून संगणकावर त्याचा उंचसखल आकार पुन्हा उभा करण्यात आला आणि टॉम डोक या वास्तुकाराने २०२३ मध्ये ते शेकडो मैल दूर, विस्कॉन्सिन राज्यातल्या वाळूत, चढउतारांसह जसेच्या तसे बांधून दिले. समुद्र सोडून सगळे तेच! मी याला जीर्णोद्धार म्हणणार नाही, पण ते पाहायला मिळाले तर रात्रभर प्रवास करून जाईन, हेही कबूल करतो.

एक तक्रार नोंदवून थांबतो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या बागेच्या नूतनीकरणात मला सल्ल्यासाठी बोलावले होते. काळ्या दगडाच्या पायऱ्या शंभर वर्षांच्या वापराने मध्यभागी गुळगुळीत आणि किंचित खोल झालेल्या होत्या. मी त्या तशाच ठेवाव्यात असे लिहून दिले. महिन्याने गेलो तर त्यांवर रंगीत पेव्हर बसवलेले होते आणि ठेकेदार मला अभिमानाने सांगत होता की आता पाणी साचत नाही.

सातरस्ता

चुनखडी यांचा मुद्दा पटला. माझी पहिली प्रतिक्रिया थोडी घाईची होती, तरी तिच्यातला एक धागा मी सोडत नाही. जमीन कोणाची, हा प्रश्न अजून उत्तरावाचून आहे. टफ्ट्सने उजाड जमीन विकत घेतली, तिथे वाद नाही. पण जुने मैदान ज्या जमिनीवर होते तिथे आता लोक गुरे चारत असतील, तर 'मूळ आराखडा' परत आणायचा हक्क कोणाला पोचतो? आपल्याकडे गायरानावर काहीही करायचे म्हटले तरी गाव एकत्र येते आणि ते योग्यच आहे.

मोजणीदार (जुळे सोलापूर)

अगदी असेच एक प्रकरण स्कॉटलंडमध्ये घडले आहे. साउथ युइस्ट बेटावर अ‍ॅस्कर्निश इथे ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८९१ मध्ये एक मैदान आखले होते. काळाच्या ओघात ते वाळूच्या टेकड्यांत आणि चराईच्या गवतात विरून गेले. २००५ साली एका मैदानतज्ज्ञाने जागेवर फिरून, जमिनीचे नैसर्गिक चढउतार वाचून, ग्रीन कुठे असतील याचा अंदाज बांधला आणि गावकऱ्यांच्या मदतीने ते २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले. तिथे आराखड्याचा कागद नव्हता, म्हणून हा मॉरिसचा ग्रीन की आजच्या माणसाचा अंदाज, अशी शंका घ्यायला जागा आहे. ज्यांचा त्या जमिनीवर चराईचा पिढीजात हक्क होता, अशा काही शेतकऱ्यांनी हरकत घेतली आणि भांडण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेले. मजेची बाब अशी की तिथे रासायनिक खत किंवा तणनाशक घालत नाहीत आणि हिवाळ्यात गुरे-मेंढ्या मैदानावर चरतात. गुरांची हद्द आणि खेळाची हद्द यांची वाटणी तिथे वर्षाच्या महिन्यांवर झाली आहे, जी माझ्या कोणत्याही नकाशात काढता आली नसती.

चुनखडी, कडांविषयी तुम्ही लिहिले आहे त्यात माझी थोडी भर. गवत कापणारा माणूस यंत्र वळवताना कडेपासून बोटभर आत राहतो, कारण बाहेरचे उंच गवत चुकून कापले गेले तर बोलणी त्याला बसतात. दरवर्षीचे हे बोटभर अंतर साठत जाते. सहा गुंठ्यांचे गोल ग्रीन असेल आणि कड चोहोबाजूंनी पाच फूट आत सरकली, तर सव्वा गुंठा जागा जाते. शिवाय ग्रीनचे जे कोपरे खेळायला सर्वांत अवघड म्हणून आखलेले असतात, तेच गोलाईत पहिल्यांदा नाहीसे होतात. आपल्याकडे बांध कोरणारा नांगर दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, शेजाऱ्याच्या रानात सरकतो. तिथे यंत्र दरवर्षी बोटभर स्वतःच्याच रानात मागे सरते. दोन्हीकडे साक्षीदार नसतो.

मग जुनी कड सापडते कशी? जमिनीत पोकळ सळई खुपसून मातीचा नमुना वर काढतात. ग्रीनवर वर्षानुवर्षे वाळू टाकलेली असते, म्हणून जिथवर नमुन्यात वाळूचे पापुद्रे दिसतात तिथवर कधीकाळी ग्रीन होते, आणि जिथे एकदम साधी माती लागते तिथे जुनी हद्द. बुजवलेल्या बंकरचेही, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचेही, तसेच, वरच्या वीतभर मातीखाली त्याची पांढरी वाळू तशीच पडून असते. आम्ही जुन्या बांधाच्या जागी खणून कोळसा आणि खापरी शोधायचो, कारण पूर्वीचे लोक हद्दीच्या दगडाखाली त्या मुद्दाम पुरून ठेवत. दगड चोरता येतो. खाली काय पुरले आहे हे चोराला ठाऊक नसते.

कुसळी

काका, तुम्ही वायरग्रास जवळून पाहिलेत, तर एक विचारते. त्याला तुरे आले होते का? उन्हाळ्यात वणवा किंवा ठरवून लावलेली आग लागून गेली, तरच ते गवत शरदात नीट फुलते, नाहीतर बराच काळ नुसती पातीच धरून बसते. मैदानावर कोणी आग लावत नसणार, त्यामुळे तिथले ठोंब मूळ आराखड्यातले असले तरी बी न धरणारे असतील, असा माझा कयास आहे. आणि बी पाहिले असेल तर त्याला कुसे, म्हणजे बीच्या टोकाची ताठ केसासारखी टोके, किती होती, हेही सांगा.

मोजणीदार (जुळे सोलापूर)

ताई, आताच भाचीला फोन करून खात्री करून घेतली. मैदानावर मी जिथे खाली बसून पाहिले, तिथे नुसती पाती होती, बारीक, गोल वळलेली, हातात घेतली की सुतळीच्या तुटक्या धाग्यांसारखी. तुरा एकालाही नव्हता. पण परतताना आम्ही शेजारच्या पाइनच्या जंगलात थोडे चाललो, तिथे झाडांची बुडे गुडघाभर उंचीपर्यंत काळी पडलेली होती आणि त्यांखाली तेच गवत तुऱ्यांनी लवलेले होते. गाडीत बसल्यावर घोट्याला टोचू लागले म्हणून बूट काढला, तर मोजा कुसळांनी भरला होता, आपल्या माळावरून गुरे घेऊन आल्यावर धोतराचा सोगा भरायचा तसा. भाचीने नखाने एकेक कुसळ उपसून काढले आणि तिथली बी इकडे आणायला परवानगी नसते म्हणून ते तिथेच झाडाखाली झटकले. त्याआधी तिने एक माझ्या तळहातावर ठेवून त्याचा फोटो घेतला होता. तो आता मोठा करून पाहिला. बी एक आहे, कुसे तीन.